कोपऱ्यावरचा वाइन बार: पहिल्या ग्लासापासून बिलापर्यंत

घराजवळच्या छोट्या वाइन बारमध्ये किंवा संध्याकाळी वाइनही देणाऱ्या कॅफेत शेजारशेजारची दोन टेबलं बघा. पहिल्या टेबलावर आल्या आल्या सगळं मागवून होतं: एक बाटली, चार-पाच बशा. दहा-पंधरा मिनिटांत टेबलावर हात ठेवायला जागा उरत नाही, गरम पदार्थ निवून जातात, आणि बाटली मनासारखी निघाली नाही तरी ती संपवावीच लागते. दुसऱ्या टेबलावर दोन ग्लास आणि ऑलिव्हची एक वाटी असते. वीस मिनिटांनी तिथे एक बशी येते, मग वेगळी वाइन, मग आणखी काहीतरी. उठताना दोन्ही टेबलांनी खाल्लेलं साधारण सारखंच असतं. पण दुसऱ्या टेबलाने चार वाइन चाखलेल्या असतात आणि चारही निवडी आधीची चव तोंडात असताना केलेल्या असतात.

पुढचं सगळं मार्गदर्शन त्या दुसऱ्या टेबलासाठी आहे. उपाहारगृहात जेवणाचा आराखडा आधी ठरतो. वाइन बारमध्ये एक ग्लास आणि एक बशी एवढंच माप असतं, आणि ते माप पाळलं की बाकीच्या बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत.

कधी जायचं, किती जणांनी

शक्य असेल तर उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात जा. वाइन ओतणाऱ्या माणसाला तेव्हा बोलायला उसंत असते, आणि अशा जागी निम्मा आनंद त्या बोलण्यातच आहे. गर्दीच्या वेळी त्याच माणसाला तोच प्रश्न विचारलात तर यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून तो पुढे जाईल. त्यात त्याचा काही दोष नसतो.

दोघं किंवा तिघं असाल तर उत्तम. चार चालतात. सहा जण आले की लहान बशांचं गणित बिघडतं; तीन तुकड्यांची बशी सहा जणांत कशी वाटायची? चारपेक्षा जास्त असाल तर आधी फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: एकत्र बसायला जागा आहे का, आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं. दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. अशा ठिकाणी स्वयंपाकघर म्हणजे अनेकदा एक ओव्हन आणि एक शेगडी एवढंच असतं, आणि ते बार बंद होण्याच्या बरंच आधी आवरलं जातं.

बसायला काउंटरच

दोघं असाल तर काउंटरवर बसा. कोणत्या बाटल्या उघड्या आहेत, त्या फ्रिजमध्ये ठेवतात की दिव्याखाली उभ्या असतात, ओतण्याआधी कोणी वास घेऊन बघतं का, हे सगळं तिथून दिसतं. शेजारच्याच्या बशीत काय आलंय तेही दिसतं आणि यादीतल्या वर्णनापेक्षा ते खरं असतं. टेबल हवंच असेल तर दार, स्पीकर आणि स्वयंपाकघराचा झोत या तिन्हींपासून लांबचं मागा. जाताना अत्तर किंवा परफ्यूम लावू नका. लहान खोलीत त्याचा त्रास तुमच्या वाइनला होतो तसा शेजाऱ्याच्या वाइनलाही होतो.

यादी कशी वाचायची

बाटल्यांची यादी सुरुवातीला बाजूला ठेवा. ग्लासने मिळणाऱ्या वाइनची यादी वाचा, कारण त्या जागेची काळजी किंवा हलगर्जी तिथेच कळते. आठ-दहा नावांची छोटी यादी मला पंचवीस नावांच्या यादीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. पंचवीस बाटल्या उघडून ठेवल्या तर त्यातल्या काही शिळ्या होणारच, त्या टिकवायची खास सोय असल्याशिवाय.

प्रत्येक ओळीत चार गोष्टी शोधा: द्राक्षाची जात, प्रदेश, साल आणि ग्लासचं माप. माप महत्त्वाचं आहे. बाटली ७५० मिलीलीटरची असते; १५० मिलीच्या मापाने तिचे पाच ग्लास होतात, १२५ मिलीच्या मापाने सहा. त्यामुळे एका ठिकाणचा स्वस्त ग्लास दुसऱ्या ठिकाणच्या महाग ग्लासइतकाच पडू शकतो. ७५ मिलीचा अर्धा ग्लास मिळतो का, हेही विचारा. मिळत असेल तर संध्याकाळभर तोच घ्या. चार अर्धे ग्लास म्हणजे दोन पूर्ण ग्लासांत चार वेगळ्या चवी.

एकच वाइन टेबलावर तीन-चार वेळा येणार हे दिसत असेल तर ग्लासच्या किमतीला पाचने (ग्लास १२५ मिलीचा असेल तर सहाने) गुणा आणि बाटलीच्या किमतीशी ताडून बघा. फरक मोठा असला तर बाटली घ्या. पण हा निर्णय पहिला ग्लास चाखल्यानंतरचा आहे.

आता सर्वांत उपयोगी प्रश्न: "ही बाटली कधी उघडली?" विचारायला संकोच करू नका. जिथे काळजी घेतात तिथे हा प्रश्न आवडतो. उघडलेल्या बाटलीत हवा शिरते आणि वाइनमधल्या फळाचा वास हळूहळू विरतो. बूच लावून थंड ठेवलेली रेड किंवा व्हाइट साधारण दोन ते चार दिवस चांगली राहते. फसफसणारी वाइन घट्ट झाकण लावूनही एक-दोन दिवसांत मंदावते. पोर्टसारखी, वरून मद्यार्क घालून बनवलेली गोड वाइन काही आठवडे टिकते. काही ठिकाणी बूच न काढता बारीक सुईने वाइन ओढून तिच्या जागी आर्गॉन वायू भरणारं उपकरण असतं. तिथे महागड्या वाइनचा एखादा ग्लासही निर्धास्त मागवावा. "काल संध्याकाळी" हे उत्तर ठीक आहे. "बघून सांगतो" हे त्याहून चांगलं, कारण तो माणूस जाऊन वास घेतो. उत्तरादाखल नुसते खांदे उडवले गेले तर नव्याने उघडलेली बाटली कोणती ते विचारा आणि तीच घ्या.

काय हवंय ते सांगायचं कसं

वाइनचे शब्द येत नाहीत म्हणून लोक गप्प बसतात आणि नाव ओळखीचं वाटेल ती वाइन घेतात. चार शब्दांत काम भागतं.

गोडी: "ड्राय" म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन. तोंड कोरडं पाडणारी ती ड्राय, असा समज फार पसरलेला आहे. कोरडं पडणं वेगळं, त्याला तुरटपणा म्हणायचं. वाइन पिकल्या फळासारखी सुवासिक असूनही पूर्ण ड्राय असू शकते, त्यामुळे "गोड नको" म्हणताना तुम्हाला साखर नको आहे की फळाचा वास, हे स्पष्ट करा.

आंबटपणा: घोटानंतर जिभेच्या कडांना पाणी सुटतं तो. तुरटपणा: हिरड्या आणि गाल आतून खरखरीत होतात तो. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तसं होतं. सालीसकट आंबवलेल्या रेड वाइनमध्ये ते जास्त. आणि शेवटचा, अंग: पाण्यासारखी हलकी की सायीसारखी दाट. यात मद्यार्काचा मोठा वाटा असतो. लेबलावर ११ टक्के असलेली वाइन बहुधा हलकी लागेल, १४.५ टक्केवाली भारदस्त.

आता काउंटरवर एवढंच बोला: "मला आंबटसर आवडते, फार तुरट नको, हलकी असली तर बरं, आणि साधारण या किमतीच्या आसपास." शेवटच्या शब्दांबरोबर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवा. सोबतच्यांसमोर आकडा उच्चारायला नको आणि समोरच्याला अंदाजही येतो. आधी आवडलेली एखादी वाइन आठवत असेल तर तिचं नाव दहा विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट आवडते म्हणालात तर वेल्तलिनर किंवा अल्बारिन्यो सुचवली जाईल. पिनो न्वार ही रेड आवडते म्हणालात तर गामे.

ग्लासने मिळणाऱ्या वाइनचा एखादा घोट चाखायला मागणं रास्त आहे. दोन घोट चाखून एक निवडणंही ठीक. पाच चाखून मग साधं पाणी मागू नये.

पहिला घोट

ग्लास दांड्याने धरा, एकदा फिरवा, नाक आत घाला. पिण्याआधी वास घेणं हा दिखावा नसून तपासणी आहे, आणि ती दोन-तीन सेकंदांत होते.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा कुबट वास आला तर बूच बिघडलेलं आहे. टीसीए नावाचं संयुग त्याला कारणीभूत असतं. लीटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या सूक्ष्म प्रमाणातही नाकाला ते जाणवतं. ग्लास हलवून किंवा थोडा वेळ ठेवून हा वास जात नाही, उलट हवा लागल्यावर तो वाढल्यासारखा वाटतो. स्क्रू कॅपच्या बाटलीत हा दोष क्वचित आढळतो. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आणि तपकिरी झाक असेल तर बाटली उघडून बरेच दिवस झालेत. व्हिनेगरचा किंवा नखांच्या पॉलिशचा वास झोंबत असेल तर तेही सांगा. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे बारीक स्फटिक दिसले तर मात्र घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात.

दोष वाटला तर ग्लास परत करताना निकाल देऊ नका, मत विचारा: "मला यात ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय, तुम्ही बघता का?" मी हे वाक्य अनेकदा वापरलं आहे, आणि चांगल्या ठिकाणी त्यावर वाद घातला गेल्याचं मला आठवत नाही. वाइन निर्दोष आहे, फक्त आवडली नाही, तर ती परत करण्याचा हक्क नसतो. तेव्हाही "ही मला जड जातेय" असं मोकळेपणाने सांगा, म्हणजे पुढचा ग्लास तरी नेमका येईल. पूर्ण बाटली न मागवल्याचा फायदा इथेच कळतो.

तापमानाकडे लक्ष द्या, कारण चांगल्या वाइनची मजा बहुतेक वेळा तिथेच जाते. फसफसणारी वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअसला छान लागते, हलकी व्हाइट ८ ते १० ला, दाट व्हाइट १० ते १२ ला, हलकी रेड १२ ते १४ ला आणि भारदस्त रेड १६ ते १८ ला. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम गार दिवाणखान्यांच्या काळातला आहे. आजच्या २५ अंशांच्या खोलीत तीच रेड मद्यार्काचा भपका मारते. अशी कोमट रेड आली तर दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा, आणि बर्फासोबत भांड्यात पाणीही घालायला सांगा. नुसत्या बर्फाचा बाटलीला नीट स्पर्श होत नाही. वाइन फार थंड असेल तर इलाज तुमच्याच हातात आहे: ग्लासचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत थोडा वेळ धरा.

खायला काय, कोणत्या क्रमाने

सुरुवात खारट पदार्थाने करा: ऑलिव्ह, खारवलेले बदाम, चिप्स. मिठाने वाइनचा आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही मवाळ होतात आणि फळाची चव पुढे येते. त्यासोबत फसफसणारी किंवा आंबटसर व्हाइट घ्या. ही पहिली फेरी. दोघांसाठी इथे एकच वाटी पुरे. यादी परत देऊ नका, टेबलावरच राहू द्या.

दुसऱ्या फेरीत दोन बशा, एक थंड, एक गरम. वाइन निवडताना जोड्यांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा पदार्थातलं मीठ, आंबट, स्निग्ध, गोड आणि तिखट ओळखा.

पदार्थ आंबट असेल, लिंबू पिळलेलं असेल किंवा व्हिनेगर घातलेलं सॅलड असेल, तर वाइन निदान तेवढी आंबट हवी. नाहीतर ती पाणचट लागते. पदार्थ स्निग्ध असेल, तळलेला किंवा लोण्यातला, तर दोन वाटा आहेत: आंबटसर व्हाइटने जीभ धुऊन काढा किंवा तुरट रेड घ्या. मांस आणि तुरट रेड जमतात ते यामुळेच. प्रथिनं आणि मीठ टॅनिनची धार बोथट करतात.

तिखटाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. मद्यार्क मिरचीची जळजळ वाढवतो आणि टॅनिनने ती अधिक टोचते. त्यामुळे झणझणीत बशीसोबत १४ टक्क्यांची भारदस्त रेड म्हणजे दोघांचंही नुकसान. तिथे कमी मद्यार्काची, किंचित गोडसर, थंड वाइन मागा. रीसलिंग द्राक्षाची तशी वाइन बऱ्याच याद्यांत असते. मशरूम, शतावरी, सोया सॉस यांसारख्या पदार्थांसोबत तुरट रेड कडवट वाटायला लागते. तशी बशी आली तर कमी तुरट वाइन घ्या किंवा पदार्थावर चिमूटभर मीठ आणि लिंबाचा थेंब टाका. फरक त्याच घासाला कळतो.

चीज मागवताना रेडच हवी असं धरून चालू नका. मऊ, मलईदार चीज तुरट रेडला धातूसारखी चव आणतं. त्याला व्हाइट किंवा फसफसणारी वाइन बरी. बकरीच्या दुधाचं चीज आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची जुनी जोडी आहे, दोघांचाही आंबटपणा एकमेकांना शोभतो. जुनं, टणक चीज रेडला सांभाळून घेतं. निळ्या बुरशीचं खारट चीज असेल तर गोड वाइन घ्या. रोकफोर चीज आणि सोतर्न ही गोड वाइन, स्टिल्टन चीज आणि पोर्ट या जोड्या उगाच टिकलेल्या नाहीत. तीन प्रकारची चीज एका फळीवर आली तर मऊपासून तीव्राकडे जा, आणि खाण्याआधी ती थोडा वेळ तशीच राहू द्या. थंडगार चीजला वास नसतो आणि वास नसला की चवही अर्धीच.

शेवटी गोड हवं असेल तर वाइन पदार्थाइतकी तरी गोड असावी. चॉकलेट केकसोबत ड्राय रेड घेतली की ती आंबट आणि कडू वाटते. अशा वेळी मी वाइन थांबवते आणि कॉफी घेते.

बशा किती? दोघांसाठी वाटी धरून तीन मागवा, त्या संपत आल्यावर पुन्हा यादी उघडा. गरम पदार्थ एका वेळी एकच यावा असं सांगितलं तर छोट्या स्वयंपाकघरालाही सोपं जातं.

वेग, पाणी, आणि न पिणारे सोबती

१२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिली ग्लासात १८ मिली, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. शरीराला तेवढा निचरा करायला दीड-दोन तास लागू शकतात. कॉफीने तो वेळ कमी होत नाही, माणूस फक्त जागा राहतो. पोटात अन्न असलं की मद्यार्क सावकाश रक्तात उतरतो, म्हणून पहिली वाटी पहिल्या ग्लासासोबतच हवी. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या. गाडी चालवायची असेल तर त्या संध्याकाळी वाइन घेऊ नका. मद्याची अमुक एक मात्रा आरोग्याला सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. अर्ध्या ग्लासांचा माझा आग्रह यासाठीही आहे.

सोबत कोणी न पिणारं असेल तर त्याच्यापुढे गोड सरबत ठेवून विषय संपवू नका; खारट आणि स्निग्ध बशांसोबत ते दोन घोटांत नकोसं होतं. अशा जागी कॅफेचं अर्धं अंग असतं, त्याचा उपयोग करा. दूध-साखरेशिवायच्या काळ्या चहातही वाइनसारखा तुरटपणा असतो आणि टणक चीजसोबत तो सुरेख लागतो. लिंबू पिळलेला थंड सोडा तळलेल्या पदार्थांसोबत फसफसणाऱ्या वाइनचंच काम करतो. दोन्ही वाइनच्या ग्लासात मागा. वास घेता येतो आणि टेबलावर कोणी वेगळं पडत नाही.

कॉफीबद्दल थोडंसं. एस्प्रेसो हवी असेल तर मशीन धुवायला घेण्याआधी मागा. रात्री उशिरा बहुतेक ठिकाणी ती बंद केलेली असते. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री नऊला घेतलेल्या कॉफीचा अर्धा असर पहाटे दोनला शिल्लक असतो. झोप नाजूक असेल तर डिकॅफ घ्या. त्यातही किंचित कॅफिन असतंच. दुपारी कॉफीला येऊन संध्याकाळी वाइनकडे वळणार असाल तर मध्ये पाणी, पावाचा तुकडा आणि वीस मिनिटं जाऊ द्या. कॉफीच्या कडवटपणावर पहिली वाइन ओळखूही येत नाही.

बिल

वेगवेगळं बिल हवं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. बिल आलं की ग्लास मोजा. अर्धे ग्लास पूर्ण म्हणून लागलेले असणं ही घाईतली नेहमीची चूक आहे. सेवाशुल्क आधीच जोडलंय का, ते पाहून मगच वर काय ठेवायचं ते ठरवा. बाटली उरली असेल आणि तिथल्या नियमांत बसत असेल तर बूच लावून मागा, घरी फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन दिवसांत संपवा. दारात लोक जागेसाठी थांबलेले असतील आणि तुमचा ग्लास रिकामा असेल तर उठा.

निघण्याआधी आवडलेल्या वाइनच्या लेबलाचा फोटो काढा, मागच्या बाजूचासुद्धा. आयातदाराचं नाव बऱ्याचदा तिथेच असतं. त्याखाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहा: कशासोबत प्यायलात, काय आवडलं, काय जास्त वाटलं. पुढच्या वेळी काउंटरवर बसल्यावर यादी मागण्याआधी तोच फोटो दाखवा आणि म्हणा, "हिच्या जवळची काही आहे का? फक्त थोडी कमी तुरट."